केस, सुई आणि अफवा: इलेक्ट्रोलिसिसबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. मग अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव इथल्या ब्युटी पार्लरमध्ये एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागतो: हनुवटीवरचे, ओठावरचे केस कायमचे घालवता येतील का? उत्तरे मिळतात ती बहुतेक ऐकीव. कोणी सांगते, इलेक्ट्रोलिसिस करून घे, एका बैठकीत काम होते. कोणी घाबरवते, त्या सुईने चेहऱ्याची चाळण होते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर पैसा खर्च होतो, चेहरा बिघडतो किंवा उपयोगी उपचार उगाच टाळला जातो.

पद्धत समजायला अवघड नाही. केसाइतकी बारीक सुई त्वचेच्या नैसर्गिक छिद्रातून, केसाच्या कडेने, त्याच्या मुळापर्यंत सरकवतात. तिच्यातून क्षणभर विजेचा सौम्य प्रवाह सोडतात. मूळ जळते आणि केस चिमट्याने अलगद बाहेर येतो. मग पुढचा केस. यात नष्ट होते ते एकेका केसाचे मूळ. शरीराची नवे केस उगवण्याची प्रवृत्ती सुईने बदलत नाही. एवढे एक लक्षात ठेवले तर पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज: केस कायमचे जातच नाहीत. काहीही करा, परत येतातच.

यामागचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा यांत केस उपटला जातो, पण त्याला जन्म देणारे मूळ त्वचेखाली शाबूत राहते. हरळी वरून ओढून काढावी आणि खालची कांडी जमिनीतच राहावीत, तसा हा प्रकार. वर्षानुवर्षे हेच पाहिलेल्या बाईने 'कायमचे' या दाव्यावर विश्वास का ठेवावा? पण इलेक्ट्रोलिसिसचा घाव थेट मुळावर बसतो. केसाच्या तळाशी त्याला पोसणारी पॅपिला आणि थोडे वर असलेल्या मूलपेशी हे दोन्ही नष्ट झाले, की त्या जागी पुन्हा केस उगवत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पापणीचे आत वळून बुबुळाला टोचणारे केस ते बॅटरीला जोडलेल्या सुईने कायमचे घालवत. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आजही 'केस कायमचे काढणे' हा दावा इलेक्ट्रोलिसिसलाच मान्य करते. मूळ अर्धवट जळले तर काही केस परत येतात, पण बहुधा पहिल्यापेक्षा बारीक होऊन. पुढच्या बैठकांत तेही संपतात.

गैरसमज: एका बैठकीत काम होते. लग्नाआधी महिनाभर जाऊन आले की पुरे.

बैठकीनंतर चेहरा स्वच्छ दिसतो, म्हणून काम झाल्यासारखे वाटते. दोन-तीन आठवड्यांत तिथेच केस दिसू लागतात आणि फसवणूक झाल्याची भावना होते. खरे कारण केसाच्या वाढीच्या चक्रात आहे. प्रत्येक केस काही महिने वाढतो, मग त्याची वाढ थांबते, तो गळतो आणि मूळ काही काळ निद्रिस्त राहते. हनुवटीवर आज दिसणाऱ्या केसांच्या जोडीला त्वचेखाली असे कितीतरी केस वाट पाहत असतात. जो केस वर आलेला नाही, त्याच्यापर्यंत सुई पोहोचूच शकत नाही. म्हणून सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि पुढे अंतर वाढवत बैठका घ्याव्या लागतात. हनुवटी पूर्ण व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. पाथर्डी, जामखेड किंवा अकोल्याहून येणाऱ्या बाईने उपचाराच्या खर्चात एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरीही धरावी. लग्नाच्या महिनाभर आधी तर पहिली बैठक घेऊच नये. त्या वेळी थ्रेडिंग बरे, कारण सुईनंतरचा लालसरपणा आणि खपल्या ऐन मुहूर्तावर नको असतात.

गैरसमज: लेसर आणि इलेक्ट्रोलिसिस एकच. लेसर नवे, म्हणून जास्त चांगले.

दोन्हींसाठी यंत्र लागते, दोन्हींच्या जाहिरातीत 'कायमचे' हा शब्द असतो, आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर लेसरच ठळक दिसते. म्हणून ही गल्लत होते. लेसरचा प्रकाश केसातील काळ्या रंगद्रव्याने शोषला जातो आणि त्या उष्णतेने मूळ दुखावते. म्हणजे लेसरला केसाचा काळेपणा लागतो. पांढऱ्या, पिकलेल्या, भुरकट केसावर आणि बारीक लवेवर त्याचा जोर चालत नाही. इलेक्ट्रोलिसिसला रंगाशी देणेघेणे नाही. सुई मुळाशी पोहोचली की पुरे. पन्नाशीनंतर हनुवटीवर येणाऱ्या राठ पांढऱ्या केसांना म्हणूनच सुईला पर्याय नाही. दुसऱ्या बाजूने, पाय, पाठ, काखा अशा मोठ्या भागावरचे काळे केस एकेक करून काढत बसणे व्यवहार्य नाही; तिथे लेसर कितीतरी वेगवान आहे. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानतात. मात्र अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेसरला 'केस कायमचे कमी करणे' एवढाच दावा करू देते. आणखी एक गोष्ट लेसरचे पॅकेज विकताना क्वचितच सांगितली जाते: काही जणींच्या, विशेषतः दक्षिण आशियाई वंशाच्या आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या स्त्रियांच्या, गालावर आणि मानेवर लेसरनंतर केस उलट वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. काळे दाट केस लेसरने विरळ करून उरलेले सुईने काढणे, हा अनेकींसाठी शहाणपणाचा मार्ग ठरतो.

गैरसमज: यात शॉक बसतो. चेहरा भाजून निघतो.

विजेची सुई म्हटले की मनात घरातल्या बोर्डाचा झटका येतो, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. पण इथला प्रवाह अगदीच किरकोळ असतो. जुन्या गॅल्व्हॅनिक पद्धतीत तो साधारण एक मिलिॲम्पिअर किंवा त्याहून कमी. मूळ नष्ट करण्याचे काम एक रासायनिक क्रिया करते: त्वचेतील मीठ आणि पाणी यांचे विद्युत अपघटन होऊन सुईच्या टोकाशी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, तयार होतो. अर्धा मिलिॲम्पिअर प्रवाह दहा सेकंद सोडला तर तो किती तयार होईल, याचा हिशेब करता येतो. तो भरतो सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पाच लाखावा भाग. एका केसाचे मूळ जाळायला तो पुरतो, गाल जाळायला नाही. दुसऱ्या पद्धतीत, थर्मोलिसिसमध्ये, रेडिओ-लहरींइतक्या उच्च वारंवारितेचा प्रवाह सेकंदभर किंवा त्याहून कमी वेळ सोडून उष्णतेने मूळ नष्ट करतात. तिसरी ब्लेंड पद्धत या दोन्हींना एकत्र करते. अतिप्रवाह दिला किंवा सुई मुळापर्यंत न नेता वरच्या थरात थांबवली, तर मात्र त्वचा भाजते. त्या वेळी दोष सुई धरणाऱ्या हाताचा असतो.

गैरसमज: दुखणे असह्य असते. बायका अर्ध्यातून उठून येतात.

दुखत नाही असे सांगणे खोटे ठरेल. प्रत्येक केसागणिक चटका किंवा टोचल्याची जाणीव होते. वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, ती सर्वाधिक. हनुवटीच्या कडेला आणि गळ्यावर कमी. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्वचा हळवी असते, म्हणून बैठक त्यानंतर घेतलेली बरी. डॉक्टरांच्या सल्ल्याने तासभर आधी बधिर करणारे मलम लावता येते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांची बैठक ठेवली तर बहुतेकींना सहन होते. एक खूण मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवावी. मूळ नीट नष्ट झाले असेल तर केस चिमट्याने धरताच सुळकन सरकून येतो. ओढल्याची कळ जाणवली तर तो केस नुसता उपटला गेला आहे आणि परत येणार आहे. असे एकामागोमाग होत असेल तर तिथेच थांबवून विचारावे. पैसे केस उपटण्याचे दिलेले नाहीत.

गैरसमज: वीज अंगात जाते, पुढे मूल होत नाही. कॅन्सरही होतो.

सौंदर्याच्या नावाखाली जिवाशी खेळ झाल्याची उदाहरणे इतिहासात आहेत, म्हणून ही शंका अगदीच निराधार वाटत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाची क्ष-किरणांनी केस घालवण्याची पद्धत गाजली. वेदना नव्हत्या, केसही गळत. पुढे त्यातल्या अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर व्रण पडले, कित्येकींना कर्करोग झाला. पण ते किरणोत्सर्गाचे परिणाम होते. इलेक्ट्रोलिसिसमध्ये क्ष-किरण नाहीत. प्रवाह क्षीण असतो आणि त्याचा परिणाम सुईच्या टोकाभोवतीच्या पेशींपुरता राहतो. ओठावरच्या सुईचा गर्भाशयाशी किंवा बीजकोशाशी संबंध येत नाही. चेहऱ्यावरच्या केसांबरोबर अनेकदा पाळीची अनियमितता आणि गर्भधारणेतील अडचण असते. ही सगळी बहुधा एकाच मूळ कारणाची, संप्रेरकांच्या असमतोलाची, लक्षणे असतात, पण सुईचा उपचार आधी झाला की दोष सुईच्या माथी मारला जातो. खरी पथ्ये वेगळी आहेत. हृदयात पेसमेकर बसवला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा उपचार करू नये. गरोदरपणात तो पुढे ढकललेला बरा. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे.

गैरसमज: सावळ्या कातडीला हे चालत नाही. डाग पडतातच.

डाग पडलेला एखादा चेहरा गावात सगळ्यांनी पाहिलेला असतो. बरा झालेला चेहरा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्यामुळे कोणत्याही दाहानंतर, अगदी फोडलेल्या पुळीनंतरही, काळसर डाग राहू शकतो. इलेक्ट्रोलिसिसलाही तो धोका आहे, पण तो टाळता येतो. शेजारशेजारचे केस एकाच बैठकीत काढू नयेत, अंतर सोडून काढावेत. टोकाशिवाय बाकी आवरण असलेली इन्सुलेटेड सुई वापरली तर उष्णता खालीच राहते आणि वरची त्वचा वाचते. गॅल्व्हॅनिक पद्धतीत सुई नेहमी ऋण टोकाला जोडलेली हवी. ती धन टोकाला जोडली गेली तर पोलादातील लोहाचे कण त्वचेत उतरून गोंदल्यासारखा काळा ठिपका राहू शकतो. उरलेली काळजी घरची. दोन-तीन दिवस चेहऱ्याला वाफ, ब्लीच, लिंबू, डाळीचे पीठ, हळदीचा लेप काहीही नको. खपली नखाने काढू नये. उन्हात जाताना तोंडाला ओढणी आणि सनस्क्रीन हवे. कांद्याच्या लागणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी तर ही अट उपचाराइतकीच महत्त्वाची. कान टोचल्यावर किंवा जखम भरल्यावर ज्यांना जाड गाठीसारखा व्रण, म्हणजे किलॉइड, येतो, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

गैरसमज: वस्तरा लावला की केस राठ आणि दाट होतात. म्हणून उपचार चालू असतानाही उपटूनच काढावेत.

वस्तऱ्याने केस मधेच कापला जातो. त्याचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून वर येताना तो खरखरीत लागतो आणि गडद दिसतो. शिवाय मुलगी पहिल्यांदा वस्तरा वापरते ते वयात येताना, आणि त्याच वयात केस मुळातच जाड होत असतात. दोन घटना एकत्र घडल्या की एक दुसरीचे कारण वाटू लागते. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये मोजमाप करून दाखवले की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. इलेक्ट्रोलिसिस चालू असताना या गैरसमजाचा थेट तोटा होतो. उपटलेला केस कित्येक आठवडे वर येत नाही, तोवर सुईला वाट नसते, आणि वारंवार उपटल्याने मूळ वाकडे झाले तर ते गाठणेही कठीण जाते. म्हणून दोन बैठकांच्या मधल्या काळात केस कात्रीने किंवा वस्तऱ्याने कापावेत आणि बैठकीआधी दोन-तीन दिवस वाढू द्यावेत. त्या दिवसांत जे केस वर येतात ते वाढीच्या अवस्थेतले असतात, आणि मुळासकट नष्ट करायला तेच सर्वांत योग्य.

गैरसमज: लग्न झाले, मूल झाले की केस आपोआप जातात.

बाळंतपणानंतर डोक्याचे केस गळतात हे घरोघरी दिसते, त्यावरून चेहऱ्याचेही जातील असा तर्क निघतो. गरोदरपणात अंगावर आलेली जास्तीची लव काही महिन्यांत कमीही होते. पण हनुवटीवरचा एकदा राठ झालेला काळा केस लग्नाने किंवा बाळंतपणाने पुन्हा लव होत नाही. संप्रेरकांमुळे लवेचे राठ केसात रूपांतर झाले की ते सहसा मागे फिरत नाही. या समजुतीपायी मुलीची तपासणी लांबते आणि अनियमित पाळीकडेही दुर्लक्ष होते. नुकसान खरे तिथे होते.

गैरसमज: केस काढले की दुखणे मिटले. किंवा, गोळ्या घेतल्या की केसही जातील.

दोन्ही अर्धसत्ये आहेत. चेहऱ्यावर, छातीवर, बेंबीखाली पुरुषांसारखे राठ केस येण्यामागे अनेकदा पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो. त्यात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि पाळी लांबते. सोबत वजन आणि पुढे मधुमेहाचा धोकाही वाढू शकतो. सुईने हनुवटी स्वच्छ केली तरी हे सगळे आत चालूच राहते आणि शेजारच्या लवेचे नवे राठ केस बनत राहतात. मग लोक म्हणतात, इलेक्ट्रोलिसिस फसले. वास्तविक काढलेले केस गेलेले असतात. हे केस नवे असतात. उलट बाजूही तितकीच खरी. गोळ्यांनी नव्या केसांची वाढ मंदावते, तीही निदान सहा महिन्यांनी जाणवते, पण आधीचे राठ केस गोळीने झडत नाहीत. त्यामुळे औषध आणि सुई यांचे काम वाटून घेतलेले आहे: एक नवे केस रोखते, दुसरी जुने काढते. डॉक्टर शरीराच्या नऊ जागा पाहून प्रत्येकीला ० ते ४ गुण देतात, पाळीचा इतिहास विचारतात, लागेल तसे टेस्टोस्टेरोन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासतात. काहींच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात आणि घराण्यातच केस जास्त असतात. त्यांना थेट सुईकडे वळता येते. मात्र काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पाळी अचानक बंद पडली, तर पार्लरची वाट धरू नये. बीजकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता क्वचित असते आणि ती तपासावीच लागते.

गैरसमज: मेडिकलमधली गोरे करणारी ट्यूब लावली की काळेपणाही जातो आणि केसही.

ट्यूब लावताच चेहरा आठवड्याभरात उजळतो, म्हणून ती एकीकडून दुसरीकडे मैत्रिणीच्या सल्ल्याने पोहोचते. अशा अनेक ट्यूबांत बेटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. काही महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, ऊन सोसत नाही, मुरमे येतात, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि स्टेरॉइडमुळे चेहऱ्यावर केस वाढतात. केस वाढले म्हणून इलेक्ट्रोलिसिससाठी आलेल्या बाईने अजूनही तीच ट्यूब चालू ठेवली असेल, तर उपचार गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखा व्यर्थ जातो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घालून त्यांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखण्याचे पाऊल उचलले. तरीही वापर थांबलेला नाही. ट्यूब एकदम बंद केल्यास चेहरा भडकतो, त्यामुळे ती सोडतानाही त्वचारोगतज्ज्ञाचे मार्गदर्शन घ्यावे.

गैरसमज: ऑनलाइन मिळणाऱ्या विजेच्या चिमट्याने घरीच, न दुखता, कायमचे केस जातात.

सुई नाही, वेदना नाही, हजार-दोन हजारांत यंत्र घरपोच; इच्छा आणि जाहिरात यांचा मेळ इथे पुरेपूर जमतो. दावा असा की चिमट्याने धरलेल्या केसातून वीज मुळापर्यंत जाते. पण कोरडा केस विजेचा वाहक नाही. वीज मुळाशी पोहोचतच नाही. केस उपटला जातो, एवढेच. सुई असलेली घरगुती यंत्रेही मिळतात, पण स्वतःच्या हनुवटीवर आरशात पाहून अचूक कोनात आणि खोलीवर सुई नेणे शिकाऊ हाताचे काम नाही.

गैरसमज: पार्लर काय आणि डॉक्टर काय, सुई सगळीकडे सारखीच.

थ्रेडिंग करणाऱ्या ताईवर वर्षानुवर्षांचा विश्वास असतो, त्यामुळे तिच्या हातची सुईही निर्धास्तपणे स्वीकारली जाते. पण दोरा त्वचेच्या वर फिरतो, सुई आत जाते, आणि ती दुसऱ्या कोणावर वापरलेली असेल तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार सोबत आणू शकते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी नवी, पाकीटबंद, एकदाच वापरायची सुई हवी आणि ते पाकीट समोर फोडलेले दिसायला हवे. अमेरिकेतील काही राज्यांत या कामासाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे तशी पद्धत रुजलेली नाही, म्हणून तपासण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. डॉक्टर त्वचारोगाचे शिक्षण घेतलेले आहेत का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय आहे. अहिल्यानगरहून पुण्यापर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करण्यापूर्वी अशा संस्थांच्या त्वचारोग विभागात निदान करून घेणे आणि तिथे ही सोय आहे का, याची चौकशी करणे सोयीचे ठरते.

गैरसमज: ही शहरातल्या पैसेवाल्या बायकांची हौस आहे.

सौंदर्याच्या जाहिरातींतून ही पद्धत पोहोचल्यामुळे असे वाटते. तिचा जन्म मात्र डोळ्यांच्या दवाखान्यात झाला. खुपऱ्यांच्या आजाराने पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात आणि दृष्टी जाते. भारतात या आजाराने पिढ्यान् पिढ्या लोक आंधळे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून तो सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हद्दपार झाल्याचे मान्य केले. पापणीचे मोजके टोचरे केस इलेक्ट्रोलिसिसने काढणे आजही नेत्रवैद्यकात शिकवले जाते. पारलिंगी स्त्रियांसाठी या उपचाराचे मोल आणखी वेगळे आहे. स्त्री-संप्रेरके घेतली तरी आधीची दाढी जात नाही, आणि रोज सकाळी दाढी करून बाहेर पडणे हा त्यांच्यासाठी रोजचा जाच असतो. दहावीतली मुलगी टोमण्यांना कंटाळून वर्गात ओढणी तोंडावर धरून बसते, एखादी बाई बचत गटाच्या बैठकीत फोटो काढू देत नाही. त्यांच्या त्रासाला हौस म्हणणे अन्यायाचे आहे. आणि केस ठेवायचे एखादीने ठरवले, तर तोही तिचा अधिकार आहे. केस असणे हा कलंक नाही, त्यामुळे काढणे हे कर्तव्यही नाही.

उपचार करायचे ठरलेच, तर पैसे भरण्यापूर्वी पाच गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: केस येण्याचे कारण तपासले आहे का, कोणती पद्धत वापरणार, सुई नवी आहे का, अंदाजे किती महिने लागतील आणि सगळे मिळून खर्च किती होईल. एका लहानशा जागेवर आधी चाचणी घेऊन दोन-तीन आठवडे त्वचा पाहावी. जो या प्रश्नांना सरळ उत्तरे देतो आणि एका बैठकीची हमी देत नाही, त्याच्याकडे जावे. प्रश्न टाळून आजच पूर्ण पॅकेजचे पैसे भरायला सांगणाऱ्या दारातून परत फिरावे, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो.